विरजण

दही लागलं की त्यातलं चमचाभर बाजूला काढून ठेवायचं, ही सवय मराठी घरात कुणी मुद्दाम शिकवत नाही. गावाहून परतल्यावर विरजण संपलेलं असलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं. शेजारणीने कधीतरी आपल्याच घरून नेलेलं विरजण आपल्याच वाटीत परत यायचं. आपल्या ताटातल्या दह्याचं मूळ कुठल्या घरात, किती वर्षांपूर्वी लागलं होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत असंच एक विरजण असतं. तिथे मात्र ते मोजून-मापून पुढे जातं.

तळहाताएवढी चपटी प्लास्टिकची बाटली. तिच्या तळाला माणसाच्या गाठीतून केव्हातरी काढलेल्या पेशींच्या वंशजांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा थर. वर लालसर रंगाचं पाणी, म्हणजे मीडियम, त्या पेशींचं अन्न. ३७ अंशांच्या उबेत पेशी दोनाच्या चार, चाराच्या आठ होतात. तळ भरला की त्यातल्या थोड्या नव्या बाटलीत घालायच्या. याला पॅसेज म्हणतात, आणि बाटलीवर त्याचा आकडा लिहायचा असतो: पॅसेज २३, पॅसेज २४.

एमएस्सी होऊन नुकतीच पीएच.डी.ला लागलेली मुलगी पहिल्यांदा या खोलीत येते, तेव्हा तिच्याबरोबर एखादी सिनियर असते. हात ७० टक्के अल्कोहोलने पुसायचे. उघड्या बाटलीच्या तोंडावरून हात न्यायचा नाही. बोलायचं नाही. मग पेशींवर ट्रिप्सिन घालायचं. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. तळाला घट्ट धरून बसलेल्या पेशींची पकड सोडवायला ते वापरतात. किती वेळ ठेवायचं? छापील कृतीत ‘दोन ते पाच मिनिटं’ असं असतं. लवकर काढलं तर पेशी सुटत नाहीत, उशीर झाला तर त्या मरायला लागतात. सिनियर सूक्ष्मदर्शकातून पाहते आणि म्हणते, “बघ, कडा गोल व्हायला लागल्या. आता.” नवी मुलगी डोळा लावते, तिला सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. सिनियर बाटलीच्या कुशीला तळहाताने हलकी थाप देते आणि पेशी धुक्यासारख्या सुटून वर येतात. ती थाप किती जोराची, हे कुठल्याही कृतीत लिहिलेलं नाही.

पहिल्या महिन्यात नव्या मुलीच्या दोन-तीन बाटल्या नासतात. मग ती मीडियमचा रंग वाचायला शिकते. लालाचा पिवळा झाला की पेशींनी आम्ल सोडलंय, त्यांना नवं अन्न हवंय. जांभळट झाला तर इनक्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. रात्रीत गढूळ झाला तर जिवाणू शिरले, बाटली टाकून द्यायची. सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, “हिचा हात बसला.” भाकरी थापणाऱ्या बाईबद्दल किंवा तबला शिकणाऱ्या मुलाबद्दल जे शब्द वापरतात, तेच.

कॅन्सर संशोधकांची नवी पिढी म्हटलं की शिष्यवृत्त्या, पदव्या, कोट्यवधींची यंत्रं आठवतात. ती लागतातच. पण मी या क्षेत्राचा इतिहास वाचायला लागल्यापासून मला थक्क करत आलेली गोष्ट वेगळी आहे. इतका गुंतागुंतीचा रोग, आणि त्याचा शोध अजूनही एका माणसाने शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाला दाखवत दाखवत पुढे सरकतो. पेशी बाटलीतून बाटलीत जातात तशी विद्या हातातून हातात जाते. त्या प्रवासातली घरंही शोधता येतात, नावानिशी.

मुंबईत हे विरजण कुठून आलं?

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी घेतली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात एम.डी. झालेले आणि मुंबईच्या मेडिकल कॉलेजांत शिकवलेले. त्यांची नजर कशी होती याचा एक नमुना सांगतो. १९४५ साली त्यांनी बी. सूर्याबाई या सहकाऱ्यासोबत माणसाच्या सवयी आणि कॅन्सर यांच्या नात्यावर शोधनिबंध लिहिला. त्यात धोतराचा कॅन्सर होता. वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी धोतर आवळून बांधलं की कातडी काचत राहते, काळवंडते, आणि काहींच्या बाबतीत नेमकी तिथेच गाठ उठते. लंडनच्या पाठ्यपुस्तकात हे सापडणं शक्य नव्हतं. त्यासाठी काचेच्या पट्टीवरून डोळा उचलून, ती कातडी ज्या माणसाची होती तो माणूस रोज सकाळी काय करतो हे पाहावं लागतं. अशी नजर असलेल्या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळणं हेच मोठं शिक्षण.

त्यांच्या हाताखाली आली पुण्याची एक मुलगी. कमल समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं अशी वडिलांची इच्छा होती. तिने जीवशास्त्र निवडलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ साली तिने एमएस्सी केलं, तेही सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवर. पुढे जगभर कॅन्सरच्या कामासाठी ओळखली गेलेली ही बाई आधी सीताफळाच्या पेशींत डोकावत होती, ही गोष्ट मला फार सुंदर वाटते. गुणसूत्रं मोजणारा डोळा एकदा तयार झाला की तो सीताफळावरून माणसाकडे वळू शकतो.

लग्नानंतर ती मुंबईला आली, पती ज. त्र्यं. रणदिवे गणिताचे अभ्यासक. कमल रणदिवे टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. यानंतर खानोलकरांनी जे केलं त्यावर मी बऱ्याचदा विचार करतो. हाताशी तयार झालेली, कष्टाळू, हुशार विद्यार्थिनी. तिला ठेवून घेतलं असतं तर प्रयोगशाळेचं भलं झालं असतं. त्यांनी तिला परदेशी फेलोशिप मिळव म्हणून आग्रह धरला. जिवंत पेशी शरीराबाहेर वाढवण्याची विद्या तेव्हा मुंबईत नव्हती, आणि ती पत्राने मागवता येण्यासारखीही नव्हती. कुणीतरी वाटी घेऊन जायला हवं होतं.

रणदिवे गेल्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉ. जॉर्ज गाइ यांच्याकडे.

गाइ यांची प्रयोगशाळा म्हणजे अर्धं वर्कशॉप आणि अर्धं स्वयंपाकघर. काचेच्या नळ्या सावकाश फिरवत ठेवणारं पिंप त्यांनी स्वतः तयार केलं होतं, कारण शरीरात पेशींभोवती द्रव फिरतच असतो, मग नळीत तो का थांबावा? तयार मीडियम बाजारात मिळत नव्हतं. कोंबडीच्या रक्तातला द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क, बाळंतपणानंतर नाळेतून घेतलेलं रक्त, असं काय काय गोळा करून पेशींचं अन्न घरीच शिजायचं. त्यांची पत्नी मार्गारेट मूळची शस्त्रक्रियागृहातली परिचारिका. ऑपरेशन थिएटरची स्वच्छता तिने या खोलीत आणली, आणि काचसामान कसं घासायचं इथपासून सगळ्यांना शिकवलं. शोधनिबंधावर नाव येतं ते कल्पनेचं. पण भांड्याला साबणाचा अंश राहिला तर पेशी मरतात, आणि तो अंश राहू न देणारी माणसं त्या निबंधाच्या पायाखाली असतात.

याच खोलीत फेब्रुवारी १९५१ मध्ये मेरी क्युबिचेक या तरुण सहायिकेने गर्भाशयमुखाच्या गाठीचा एक तुकडा बारीक कापून नळ्यांत घातला. इतर सगळ्या तुकड्यांच्या पेशी काही दिवसांत मरत. या वाढल्या. दर चोवीस तासांत दुप्पट होत राहिल्या, थांबल्याच नाहीत. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या नावावरून त्यांना हेला म्हणतात. लॅक्स त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आपल्या आईच्या पेशी जगभर जिवंत आहेत हे मुलांना कळायला वीसेक वर्षं गेली. आज पेशींना हात लावण्याआधी विद्यार्थ्याला संमतीपत्र म्हणजे काय हे शिकावं लागतं, त्याच्या मागे ही बाई उभी आहे. गाइ यांनी हेला कुणालाही विकल्या नाहीत, मागेल त्याला वाटल्या. देणाऱ्याच्या उदारपणाचं मला कौतुक आहे. पण जिच्या घरातून ते विरजण आलं तिचं घर रिकामंच राहिलं, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवायला हवं.

रणदिवे तिथून परतल्या त्या नळ्या धुण्यापासून पेशी जगवण्यापर्यंतचं सगळं हातात घेऊन. खानोलकरांनी १९५२ साली उभ्या केलेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा सुरू केली. पुढे कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे नवे विभाग उभे राहिले. उंदरांवर काम करून स्तनांच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्यांनी तपासलं. १९६६ ते १९७० त्या संस्थेच्या प्रभारी संचालक होत्या, आणि परदेशी शिकायला गेलेल्या तरुणांना त्या परत बोलवत राहिल्या. खानोलकरांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनी सत्यवती शिरसाट यांनी तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याचं काम उभं केलं. एकाच माणसाच्या हाताखालून निघालेल्या या दोघी.

रणदिव्यांनी १९७३ साली सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन केली. वाशीला तिचं केंद्र आहे; तिथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालतं. संशोधकांच्या प्रशिक्षणावरच्या चर्चेत पाळणाघराचं नाव सहसा निघत नाही. पण पेशींना शनिवार-रविवार नसतो. रात्री आठ वाजता मीडियम बदलायचं असेल आणि घरी दीड वर्षाचं मूल असेल, तर हुशार बाईचा हात बसायच्या आतच सुटतो. रणदिव्यांना हे माहीत होतं, आणि त्यांनी त्यावर भिंती आणि छप्पर असलेलं उत्तर दिलं.

टिश्यू कल्चरच्या विरजणाची दुसरी एक वाट मुंबईपासून फार दूर जाते, आणि तीही सांगितल्यावाचून राहवत नाही.

इटलीतल्या तोरिनो शहरात जुझेप्पे लेव्ही नावाचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. आवाज मोठा, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्यात इटलीत सर्वांत पुढे. त्यांच्या तीन विद्यार्थ्यांना पुढे नोबेल मिळालं: साल्व्हादोर लुरिया (१९६९), रेनातो दुल्बेको (१९७५) आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी (१९८६). एका शिक्षकाचे तीन! दुल्बेको पुढे कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूंकडे वळले. त्यांच्या प्रयोगशाळेत हॉवर्ड टेमिन विद्यार्थी होते, डेव्हिड बॉल्टिमोर तरुण संशोधक होते, आणि १९७५चं नोबेल या तिघांना मिळून मिळालं. लुरियांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी जेम्स वॉटसन, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडणाऱ्यांपैकी एक.

मला यातली रीताची गोष्ट सर्वांत जवळची वाटते. १९३८ साली मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढलं. गुरू ज्यू, शिष्याही ज्यू. रीताने घरातल्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. कोंबडीची अंडी आणून त्यातल्या गर्भाच्या मज्जापेशी ती अभ्यासू लागली. बेल्जियममधून जीव वाचवून परतलेले लेव्ही तिच्याकडे आले, आणि त्या एवढ्याशा खोलीत तिचे सहायक म्हणून काम करू लागले. ज्यांच्या ओरडण्याला सगळी प्रयोगशाळा घाबरायची ते आता शिष्येच्या टेबलाशी बसून ती सांगेल ते करत होते.

युद्धानंतर ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. तिथे एक कोडं पडलं. उंदराच्या कॅन्सरची गाठ कोंबडीच्या गर्भात बसवली की गर्भाच्या नसा वेड लागल्यासारख्या वाढून गाठीत घुसत. गाठ काहीतरी पाझरत होती. काय, हे शोधायला टिश्यू कल्चर हवं होतं, आणि ते जवळ नव्हतं. ते होतं ब्राझीलमध्ये, रिओला हेर्टा मायर यांच्याकडे. आणि या मायरबाईंनी ती विद्या कुठे मुरवली होती? तोरिनोला, लेव्हींच्याच प्रयोगशाळेत. रीता १९५२ साली गाठी असलेले दोन उंदीर बरोबर घेऊन विमानाने रिओला पोचली. मायरबाईंच्या खोलीत तिने गाठीचा तुकडा आणि मज्जापेशींचा पुंजका एकाच थेंबात शेजारी शेजारी ठेवला. एका दिवसात त्या पुंजक्यातून चारी दिशांना तंतू फुटले, देवाच्या तसबिरीतल्या प्रभावळीसारखे.

त्या पाझरणाऱ्या पदार्थाचा पाठलाग करायला स्टॅन्ले कोहेन हा जीवरसायनतज्ज्ञ सोबत आला. उंदराच्या लाळग्रंथींच्या अर्काचं काम करताना त्याला दिसलं की तो अर्क टोचलेली पिल्लं वेळेआधी डोळे उघडतात. म्हणजे यात आणखी एक पदार्थ होता, कातडीच्या पेशींना वाढ म्हणून सांगणारा. पेशीच्या पृष्ठभागावर तो पदार्थ ज्याला येऊन बिलगतो तो ग्राहक, ईजीएफआर, हे नाव आज फुप्फुसाच्या कॅन्सरच्या किती रुग्णांच्या रिपोर्टवर असतं! त्यालाच रोखणाऱ्या गोळ्या ते रोज घेतात. तोरिनोचा एक रागीट मास्तर, एक झोपायची खोली, रिओतली एक जुनी गुरुभगिनी, आणि आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी उशाशी ठेवलेली गोळी.

विरजण बिघडलेलं असेल तर काय होतं, हे कुठल्याही घरात माहीत असतं. आंबट विरजण लावलं की पुढचं सगळं दही आंबट.

१९६६ साली स्टॅन्ली गार्टलर या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून आलेल्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून नावाजलेल्या १८ पेशीमाला, म्हणजे बाटलीतून बाटलीत वाढवत नेलेले पेशींचे वंश, तपासल्या. सगळ्यांत एकाच विकराचा एकच प्रकार निघाला, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांतच प्रामुख्याने आढळतो. हेन्रिएटा लॅक्स त्या वंशाच्या होत्या. म्हणजे यकृताच्या, आतड्याच्या म्हणून माणसं ज्यांवर वर्षानुवर्षं निबंध लिहीत होती, त्या बाटल्यांत हेला होत्या. पिपेट बदलायचा कंटाळा, एका बाटलीचा थेंब दुसरीत, आणि सर्वांत भराभर वाढणाऱ्या पेशींनी बाकीच्यांना हुसकावून लावलेलं. ज्या परिषदेत त्याने हे मांडलं, तिथे बसलेल्या लोकांना ते ऐकून काय वाटलं असेल! हातातून हातात विद्या जाते तेव्हा आळसही त्याच हातातून जातो. आज पेशींची ओळख डीएनएच्या ठशावरून पटवून घेतल्याशिवाय चांगली प्रयोगशाळा काम सुरू करत नाही. नवख्या मुलीला पहिल्या आठवड्यात एका वेळी एकच पेशीमाला हुडमध्ये, म्हणजे स्वच्छ हवेच्या कपाटात, उघड असं बजावतात, ते यामुळे.

पण नजरेतून जाणारा दोष त्याहून चिवट असतो.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? आज शाळकरी मूलही ४६ सांगेल. १९२३ साली थिओफिलस पेंटर यांनी ४८ मोजली, आणि पुढची तीसहून अधिक वर्षं सगळे ४८ मोजत राहिले. तेव्हाच्या पट्ट्यांवर गुणसूत्रं एकमेकांत गुंतलेली दिसायची. मोजताना जिथे शंका येई तिथे मास्तरांचा आकडा धरला जाई. १९५२च्या सुमारास टी. सी. शू काम करत होते त्या प्रयोगशाळेत कुणाच्या तरी चुकीने पेशी अगदी पातळ द्रावणात धुतल्या गेल्या. पाणी आत शिरून त्या फुगल्या आणि गुणसूत्रं सुटी सुटी, मोजण्याजोगी पसरली. इतकं स्वच्छ चित्र समोर असूनही शू यांनी ४८ हाच आकडा धरला.

शेवटी १९५५च्या डिसेंबरात, स्वीडनमधल्या लुंडला, आल्बर्ट लेव्हान यांच्या प्रयोगशाळेत एका रात्री जो हिन त्जो यांनी मोजलं आणि ४६ आली. पुन्हा मोजलं, पुन्हा ४६. जावात जन्मलेले त्जो युद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आले होते. मास्तरांच्या आकड्याला घाबरण्याजोगं त्यांच्यात काही उरलं नसावं. त्यांच्या निबंधात एक उल्लेख आहे, तो वाचताना माझ्या पोटात कालवतं: त्याच देशातल्या आणखी काही संशोधकांनी मानवी यकृतावरचं काम मध्येच थांबवलं होतं, कारण त्यांना सगळी ४८ गुणसूत्रं सापडत नव्हती. पुन्हा पुन्हा ४६च भरत होती. त्यांची नजर बरोबर होती. त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवला नाही.

म्हणून चांगला गाइड विद्यार्थ्याला पहिला प्रश्न विचारतो तो “काय दिसतंय?” हा. काय दिसायला हवं ते तो आधी सांगत नाही.

आकडा सुधारला तसा कॅन्सरच्या दिशेने दरवाजा उघडला. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींच्या पट्ट्या नळाच्या पाण्याखाली धुतल्या, तेव्हा गुणसूत्रं तशीच सुटी झाली. त्यांना गुणसूत्रं वाचता येत नव्हती. वाचता येणारा होता डेव्हिड हंगरफोर्ड, प्रबंधासाठी पेशी शोधत असलेला विद्यार्थी. दोघांनी १९६० साली त्या कॅन्सरच्या पेशींत नेहमी आखूड दिसणारं एक गुणसूत्र शोधलं. जॅनेट राउली यांनी फोटोतली गुणसूत्रं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडली आणि १९७३ साली दाखवून दिलं की त्या आखूड गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, दुसऱ्या गुणसूत्राशी त्याची अदलाबदल झाली आहे. त्या चुकीच्या जोडातून निपजणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मान्य झाली. एके काळी काही वर्षांत माणूस नेणारा तो रक्ताचा कॅन्सर आता गोळी घेत अनेक जण वर्षानुवर्षं सांभाळतात.

आतापर्यंत पीएच.डी.वाल्यांबद्दलच बोललो. पण गेल्या पन्नास वर्षांतलं मला सर्वांत धाडसी वाटणारं प्रशिक्षण मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालं, आणि ते ज्यांना मिळालं त्या दहावीपर्यंत शिकलेल्या बायका होत्या.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची पूर्वखूण शोधायला पॅप चाचणी चांगली, पण तिला प्रयोगशाळा आणि तज्ज्ञ लागतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. व्हिनेगर, म्हणजे चार टक्के ॲसेटिक ॲसिड, कापसाने गर्भाशयमुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. पाहायला उजेड लागतो आणि तयार डोळा. हा डोळा त्यांनी चार आठवड्यांच्या प्रशिक्षणात या दहावी शिकलेल्या बायकांना, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून, दिला. सुमारे दीड लाख बायका या चाचणीत होत्या. बारा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. २०१३ साली शिकागोच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत हे सांगितलं गेलं. कार्यकर्त्यांनी जे पाहिलं ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या पाहण्याशी चांगलं जुळत होतं. तुलनेच्या गटातल्या बायकांना फक्त माहिती मिळाली, तपासणी नाही. त्यावर जगभर टीका झाली. ती टीका आणि हे यश, दोन्ही एकाच तासाला वर्गात शिकवावं असं मला वाटतं.

धारावीसारख्या वस्तीत दार ठोठावून, सासूला समजावून, लाजणाऱ्या बाईला टेबलावर निजवून, मग तो पांढरा डाग ओळखायचा. प्रयोगशाळेतल्या सिनियरने “आता” म्हणावं आणि आपल्याला काहीच दिसू नये, तिथपासून त्याही सुरू झाल्या असतील.

रणदिव्यांच्या त्या परळच्या संशोधन केंद्राचं काम २००२ साली खारघरला गेलं. टेकड्यांच्या कुशीतल्या त्या आवारातून आजही दरवर्षी तरुण मुलं-मुली पीएच.डी.ला लागतात. तरुण डॉक्टरांसाठी टाटा मेमोरियल २०१५पासून एक निवासी कार्यशाळा घेतं. एखादी कच्ची कल्पना घेऊन यायचं, आणि देशोदेशींचे संशोधक रोज तिच्यातली भोकं दाखवत असताना निघेपर्यंत चाचणीचा पूर्ण आराखडा लिहून काढायचा. रात्री जागून लिहायचं, सकाळी ते मोडून घ्यायचं.

पेशी वाढवणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक टाकी असते, द्रव नायट्रोजनची, उणे १९६ अंशांची. पेशी तिथे थिजवून ठेवतात. त्याचा नियम नवख्यांना पहिल्या दिवशी सांगतात: गोठवायचं सावकाश, वितळवायचं झटपट. गोठवताना मिनिटाला एक अंश, नाहीतर बर्फाचे खडे पेशी फाडतात. बाहेर काढताना मात्र कोमट पाण्यात दोन मिनिटांत.

टाकीतून रॅक वर ओढला की वाफेसारखं धुकं सांडतं, आणि बोटाच्या पेराएवढ्या कुप्या दिसतात. प्रत्येकीवर पेशींचं नाव, पॅसेजचा आकडा, तारीख आणि दोन इंग्रजी अक्षरं, म्हणजे ज्याने त्या गोठवल्या त्याची आद्याक्षरं. त्यातले कितीतरी केव्हाच पदवी घेऊन गेले. कुणी बंगळुरूला, कुणी ह्यूस्टनला, कुणी संशोधन सोडून शाळेत शिकवतं. नवी मुलगी एक कुपी काढते, तिला कधी न भेटलेल्या कुणाचीतरी. पाण्यात धरून हलवते. शेवटचा बर्फाचा कण विरघळायच्या आत उचलते, मीडियममध्ये सोडते, बाटलीवर पुढचा आकडा लिहिते आणि त्याखाली स्वतःची दोन अक्षरं. रात्री झोप लागत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. बहुतेक पेशी तळाला चिकटल्या आहेत, काहींनी पाय पसरायला सुरुवात केली आहे.

मागून सिनियर विचारते, “काय दिसतंय?”